ओल्या पुळणीचं गणित

दहावी गोणी ठेवली मात्र, आणि फळी मोडली.

"कट्!"

वाळूच्या गोण्या धपाधप खाली आल्या. धूळ उडाली. नऊ वर्षांच्या शमूने कानांवरचे हात काढले आणि आधी पाहिलं ते फळीकडे नाही, सुंभ्याकडे.

सुंभ्या कोपऱ्यात पाटावर मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे पांढऱ्याशुभ्र वाखाचा ढीग होता. (वाख म्हणजे घायपाताच्या लांब काटेरी पानांतून निघणारे धागे. दोरखंडं वळतात ती याचीच.) सुंभ्या एक बट उचलायचा, फणीने विंचरायचा, सरळ करून साच्यात अलगद निजवायचा. मग डोक्यावरून एकदा हात फिरवायचा आणि पुढची बट घ्यायचा. फळी मोडल्याचा आवाज त्यानेही ऐकला. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा जरासा मंदावला.

"लागोपाठ तिसरी," हेमाआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली.

तुम्ही आज शाळेत जाता ना? तुम्ही मोठे होऊन तुमची मुलं शाळेत जायला लागतील, साधारण त्या सुमाराची ही गोष्ट. शमूची हेमाआत्या पदार्थशास्त्रज्ञ होती (कुठली वस्तू कशापासून केली तर टिकेल, याचा अभ्यास करणारी). समुद्राकाठच्या एका जुन्या मांगरात तिची प्रयोगशाळा होती. मांगर म्हणजे साधी कौलारू खोप. पूर्वी तिथे होड्या ठेवायचे, त्यामुळे अजूनही पावसाळ्यात भिंतींना सुक्या मासळीचा वास सुटायचा.

वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक ओहोळ होता. त्यावरचा लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, दर पावसात वाहून जायचा. आत्याने ठरवलं, की साकवाच्या फळ्या कुजणार नाहीत आणि गंजणारही नाहीत अशा करायच्या. कुंपणावरच्या घायपाताचा वाख घ्यायचा, काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेली राळ त्यात ओतायची, आणि साचा भट्टीत तापवायचा. राळ घट्ट झाली की फळी तयार.

आणि वाख विंचरायचा सुंभ्याने. तो यंत्रमानव होता. कारखान्यातून आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं. दोरखंडं वळण्यात ज्यांचा जन्म गेला त्या इंदूमावशींच्या शेजारी बसून, त्यांचे हात बघून बघून तो अख्खा एक हंगाम शिकला. "काय सुंभ आसा ह्यो!" असं मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या (सुंभ म्हणजे काथ्याचा दोर, आणि मठ्ठ माणूसही), आणि तेच त्याचं नाव पडलं.

दिवाळीआधीच्या फळ्या झकास झाल्या होत्या. पंधरा पंधरा गोण्या पेलायच्या. साकवाला बारा पुरे होत्या. पण दिवाळीनंतर काय बिनसलं कोण जाणे! पान तेच, राळ तीच, भट्टी तीच, आणि फळी मात्र दहाव्या गोणीला कट्.

हे बघायलाच सुंभ्याला बनवणाऱ्या कंपनीचे शिरोडकरकाका तालुक्याहून आले होते. त्यांनी मोडलेली फळी पाहिली, भट्टी पाहिली, मग बराच वेळ सुंभ्याचे हात पाहिले.

"हे काय करतोय तो? प्रत्येक बटेआधी डोक्यावरून हात कशाला?"

"पहिल्यापासून करतो," शमू म्हणाली. "स्टाइल आहे त्याची!"

"स्टाइल नाही बाळा, बिघाड आहे. बघून बघून शिकलेल्या यंत्रांचं असंच होतं. नको ते पण शिकतात." काकांनी पिशवी बंद केली. ते रागावले नव्हते. उलट दमल्यासारखे दिसत होते. "हेमाताई, सोमवारी सकाळी येतो. याची स्मृती पुसून टाकू आणि कारखान्याची विंचरण्याची तयार आज्ञावली घालू. पाटी कोरी."

"स्मृती म्हणजे... सगळं?" शमूने विचारलं. "मी पण?"

"तू पण. पण तू काय, मंगळवारी पुन्हा ओळख करून देशील!"

हसण्यासारखं त्यात काय होतं, ते शमूला कळलं नाही. काका गेल्यावर ती सुंभ्याशेजारी जाऊन बसली. सुंभ्या बट विंचरत राहिला. मग हळूच म्हणाला, "शमूताई, मंगळवारी मला एक गोष्ट सांगशील? मावशी चहात साखर घेत नाहीत. मी विसरून घालीन."

शमूला एकदम इतकं रडू आलं की ती उठून थेट आत्याकडे गेली.

"आत्या, फळी सुंभ्याने मोडली नाहीये."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे." आत्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "आणि हे बघ, माझी तर याहून मोठी पंचाईत आहे. माझं गणित म्हणतं, फळीने सोळा गोण्या पेलायला हव्यात."

"कुठलं गणित?"

"प्रतिरूप (खऱ्या वस्तूची आकड्यांनी केलेली नक्कल). खरी फळी करण्याआधी मी संगणकात एक आकड्यांची फळी करते आणि तिच्यावर आकड्यांच्याच गोण्या ठेवते. कितव्या गोणीला मोडते ते बघते. म्हणजे वाख वाया जात नाही आणि वेळही वाचतो."

"मग तुझ्या गणितात काय काय घातलंयस?"

"वाख किती ताठ नि किती घातला, राळ किती घट्ट नि किती ओतली. बस, वाख आणि राळ, दोनच."

डब्यात दिवाळीतली चिक्की उरली होती. आत्याने एक वडी शमूला दिली. "ही बघ. शेंगदाणे आणि गूळ. एकत्र आहेत, पण एकमेकांत विरघळलेले नाहीत. अशा वस्तूला संमिश्र म्हणतात. आपली फळी पण संमिश्रच, वाखाची चिक्की! मोड बघू."

शमूने वडी मोडली. एक शेंगदाणा अर्धा तुटला होता, त्याला गूळ घट्ट चिकटून होता. दुसरा, ज्याचं लाल साल निघालंच नव्हतं, तो मात्र अख्खा निसटून तिच्या हातात आला. त्याच्या जागी गुळात गुळगुळीत खळी राहिली.

"साल असलेला सुटला," शमू म्हणाली.

"छान पाहिलंस. आता इकडे ये."

आत्याने मोडलेल्या फळीचा तुकडा सूक्ष्मदर्शीखाली ठेवला. पडद्यावर राळेचा डोंगर दिसला, आणि त्यात भोकंच भोकं! भोकांतून वाखाचे धागे उपसून आलेले, लखलखीत, राळेचा कण नसलेले. मग आत्याने दिवाळीआधीच्या एका फळीचा तुकडा ठेवला. त्यात भोकं नव्हतीच जवळजवळ. धागे मधेच तुटले होते आणि प्रत्येकाच्या अंगाला राळेचे लचके चिकटलेले होते.

शमूने चिक्कीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "अगं! धागा तुटलाच नाही. तो सुटला!"

"हं. वाख चांगला, राळ चांगली. गडबड आहे ती दोघांच्या मध्ये." आत्या पडद्यापाशी थबकली. "आणि मध्ये काय आहे ते माझ्या गणितात नाहीच. मी धरून चालले, की इथे धागा संपला, इथे राळ सुरू झाली, आणि दोघं पक्के चिकटले. मध्ये नुसती एक रेघ. चल, जरा बाहेर जाऊ."

मांगराच्या मागच्या दाराबाहेर पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू, होती. ओहोटी लागली होती.

"शमू, जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो? टाचेने रेघ मार."

शमूने रेघ मारली. लाट आली आणि रेघेच्या वर चढून गेली. शमू मागे सरकली, दुसरी रेघ मारली. या वेळी लाट रेघेपर्यंत आलीच नाही. तिसऱ्या रेघेला ती वैतागली. "ही काय फसवाफसवी आहे? नकाशात तर रेघ असते!"

"नकाशात असते. इथे काय आहे?"

शमूने पायांखाली पाहिलं. वरची वाळू कोरडी, पाय रुतणारी. खाली पाणी. आणि मध्ये लांबच लांब ओला पट्टा. "ओली पुळण. जमीन पण नाही, समुद्र पण नाही."

"दोघांपेक्षा वेगळी! हिच्यावर सायकल चालते. कोरड्या वाळूवर चालते का? पाण्यात चालते का? धाग्याभोवती पण असाच एक पट्टा असतो. केसाहूनही कितीतरी बारीक. राळच, पण धाग्याला खेटलेली राळ वेगळी वागते. कुठे जास्त घट्ट, कुठे जास्त मऊ. त्याला म्हणायचं सीमापट्टा. फळीवर तू उभी राहिलीस ना, की तुझं ओझं आधी राळेवर येतं. राळ ते धाग्याच्या हातात देते, कारण खरा बलवान धागा. पण देताना ते जातं या पट्ट्यातून. पट्टा निसरडा असेल तर?"

"तर बलवान असून उपयोग काय? त्याच्या हातात काही येतच नाही."

"आणि मी शहाणी, पुळण सोडून नकाशा काढत बसले!"

आता मोजायचं कसं? एवढा बारीक पट्टा पट्टीने थोडाच मोजता येतो? आत्याने एक युक्ती केली. दिवाळीआधी विंचरलेला वाख एका गोणीत थोडा उरला होता. त्यातला एकच धागा तिने ताणून बसवला आणि सुईच्या टोकाने त्यावर राळेचा इवलासा थेंब ठेवला. शेजारी दिवाळीनंतरचा धागा, त्यावरही तसाच थेंब. दोन्ही सूक्ष्मदर्शीखाली.

"आई गं," शमू म्हणाली.

जुन्या धाग्यावरचा थेंब पसरला होता, धाग्याला मिठी मारल्यासारखा. नव्या धाग्यावरचा थेंब मात्र फुगून, अंग चोरून बसला होता.

"अळूच्या पानावर पाणी बसतं ना, तस्सा," शमू म्हणाली. "त्याला धाग्याला शिवायचंच नाहीये."

थेंब छोट्या भट्टीत घट्ट झाल्यावर आत्याने दोन बारीक पात्यांत ते अडकवले आणि धागे हळूहळू ओढले. जुना धागा खूप ओढल्यावर सुटला. नवा? जेमतेम ताण आला आणि सर्रकन बाहेर.

"नव्या धाग्यावर काहीतरी आहे," आत्या म्हणाली. "अगदी पातळ. राळेला जवळ येऊ देत नाही, असं काहीतरी."

"सुंभ्याच्या हातातलं वंगण?" शमूने घाबरत विचारलं. तसं असेल तर शिरोडकरकाकाच खरे ठरणार होते.

"त्याच्या सांध्यांत वंगण नसतंच, कोरडी भुकटी असते." आत्याने दोन बोटांत वाखाची बट धरली, फिरवून पाहिली. "मला काही कळेना बाई."

शमूने तीच बट नाकाशी नेली. कसलातरी वास आला. ओळखीचा, गोड. पण कुठला ते आठवेना. तुम्हालाही कधीकधी असं होतं ना? शब्द अगदी जिभेवर असतो आणि येत नाही. तसा तो वास तिच्या नाकावर बसून राहिला. जेवताना होता, झोपताना होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. शमू उठली तेव्हा आई न्हाणीघरात पाय लांब करून बसली होती आणि तिच्या पायांवर शमूचा भाऊ, सहा महिन्यांचा अबीर, पालथा पडून मजेत हुंकारत होता. आई त्याच्या पाठीला तेल चोळत होती.

"शमू, जरा धर गं याला. पाणी उतरवते. नीट धर हां, तेल लावलंय, सटकेल!"

शमूने अबीरच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला धरलं. अबीर खिदळला, वळवळला, आणि मासोळीसारखा तिच्या हातांतून खाली सरकला. शमूने त्याला पोटाशी घट्ट कवटाळलं. तिचं नाक त्याच्या टाळूवर टेकलं.

तोच वास.

"आई! हे कुठलं तेल?"

"दिवाळीचंच. वासाचं. उरलंय ते संपवतेय. का गं?"

शमूच्या डोळ्यांपुढे दिवाळीची पहिली पहाट उभी राहिली. पणत्या, उटणं, अंगणातला पाट. आई अबीरच्या डोक्यावर तेल थापत होती. आणि शमूला वाटलं होतं, सगळ्यांना अभ्यंग आणि सुंभ्यालाच नाही? बिचारा! वाटीभर तेल घेऊन ती मांगरात पळाली होती. त्याच्या गोल गुळगुळीत डोक्यावर तिने ते छान जिरवलं होतं. म्हणजे, जिरलं असं तिला वाटलं होतं. पत्र्यात तेल कुठलं जिरतंय?

"आई, धर याला!" अबीरला आईच्या मांडीवर ठेवून शमू तशीच धावली. चप्पलसुद्धा नाही.

मांगरात आत्या होती आणि पायरीवर इंदूमावशी चहा पीत होत्या.

"काय गो बाय, वाघ पाठी लागलो काय?"

"मावशी," शमू धापा टाकत म्हणाली, "तुम्ही दोरी वळताना डोक्यावरून हात फिरवता?"

"फिरवतंय तर! केसांचा तेल हाताक लागता. मगे वाख बोटांक कापणा नाय, नि दोरी कशी सुरसुरीत वळता. माझी आवस (आई) पण तशीच करी."

आत्याने मान वर केली.

सुंभ्याने मावशींचे हात बघून शिकताना तेही उचललं होतं, इमानेइतबारे. प्रत्येक बटेआधी डोक्यावरून एक हात. त्याचं डोकं कोरडं होतं तोवर त्याने काही बिघडत नव्हतं. आणि मग...

"मी त्याला दिवाळीला तेल लावलं," शमूने सांगून टाकलं. तिने बाहीने डोळे पुसले. "डोक्याला. खूप. फळ्या मी मोडल्या, आत्या. त्याला पुसू नका."

मग आत्याने कापसाचा बोळा घेतला, सुंभ्याच्या टाळूवरून फिरवला आणि उजेडात धरला. बोळा पिवळाधमक! मांगरभर दिवाळीचा वास पसरला.

इंदूमावशींच्या हातातला चहा हिंदकळला, इतक्या त्या हसल्या. "अरे सुंभा! मी केसांक लावतंय, तू टकलाक लावलंस!"

"मला वाटलं, हात फिरवणं हा विंचरण्याचाच भाग आहे," सुंभ्या गंभीरपणे म्हणाला. "नाही का?"

"दोरीत आहे," आत्या म्हणाली. "दोरीतले धागे एकमेकांवरून सरकायला हवेत, तर दोरी वाकते. फळीत त्यांनी राळेला धरून ठेवायला हवं. तेल तेच, काम वेगळं." मग तिने शमूला जवळ ओढलं. "आणि तू रडू नकोस. तू कुणाचं वाईट नाही केलंस, अभ्यंग घातलंस. चूक म्हणशील तर माझी पण आहे. दिवाळीआधीच्या फळ्या पंधरा गोण्या पेलत होत्या आणि गणित म्हणत होतं सोळा. एका गोणीचा फरक! मी म्हटलं, चालायचंच. ती एक गोणी मला ओरडून सांगत होती, की मध्ये पट्टा आहे. माझंच लक्ष नव्हतं."

मग आत्या संगणकापुढे बसली. शमू तिच्या खुर्चीच्या हातावर.

आकड्यांच्या फळीत आता दोन नाही, तीन गोष्टी झाल्या: धागा, राळ आणि मधला सीमापट्टा. पट्टाही एकसारखा नाही. कांद्याचे पापुद्रे असतात तसे आत्याने धाग्याभोवती एकात एक पापुद्रे काढले. आतल्या पापुद्र्याचा ताठपणा वेगळा, त्याच्या बाहेरच्याचा थोडा वेगळा, असं करत करत शेवटचा पापुद्रा साध्या राळेसारखा.

"हे आकडे कुठून आणलेस?"

"पापुद्र्यांचा ताठपणा यंत्राच्या बारीक सुईने टोचून टोचून घेतला. आणि पट्टा किती घट्ट धरतो ते आपल्या थेंबाने सांगितलं. किती ओढल्यावर तो सुटला, ते आठवतं ना?"

आत्याने तेलकट धाग्याचे आकडे घातले. संगणक थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला: नऊ गोण्या, दहावीला मोडेल. कोऱ्या धाग्याचे घातले: पंधरा.

"जुळलं!" शमूने टाळी वाजवली.

"थांब. याची उत्तरं आपल्याला आधीच माहीत होती. उत्तर बघून गणित सोडवलं तर बाई मार्क देतात का? जी फळी अजून झालेलीच नाही, तिचं सांगता आलं पाहिजे. तेव्हाच शिरोडकरांपुढे बोलता येईल."

म्हणजे नवी फळी हवी. आणि त्याआधी सुंभ्याची आंघोळ!

आईने शिकेकाई कढवून दिली. अंगणात सुंभ्याला त्याच पाटावर बसवलं. शमूने त्याचं डोकं खसाखसा चोळलं. अबीर आईच्या कडेवरून हे बघत होता. आपल्यासारखीच आणखी कुणाला तरी आंघोळ घालताहेत, याचा त्याला एवढा आनंद झाला की तो टाळ्याच पिटायला लागला.

"डोळ्यांत जातंय का रे?" शमूने विचारलं.

"माझ्या डोळ्यांना झोंबत नाही," सुंभ्या म्हणाला. "पण तू विचारलंस ते मी साठवून ठेवलं आहे."

त्या दिवशी सुंभ्याने नवा वाख विंचरला. त्यातल्या एका धाग्यावर आत्याने थेंब ठेवला, घट्ट केला, ओढला. तो आकडा गणितात घातला. उत्तर आलं: चौदा.

"पंधरा का नाही?" शमूचा चेहरा उतरला.

"गणित म्हणतं चौदा, तर चौदा. आपण त्याला लाच देऊ शकत नाही." आत्याने खडू घेतला आणि मांगराच्या दारावर मोठ्ठा १४ लिहिला. मग साचा भट्टीत गेला.

सोमवारी सकाळी शिरोडकरकाका आले. पिशवी होतीच. आत्याने त्यांना तेलाची हकिगत सांगितली. ते हसले, पण मान हलवत म्हणाले, "हेमाताई, गोष्ट गोड आहे. पण फळी काय म्हणते ते बघू."

इंदूमावशीही बघायला आल्या होत्या. फळी दोन ओंडक्यांवर ठेवली. काका स्वतः गोण्या ठेवू लागले. नऊ. दहावीला शमूने डोळे मिटले. काही झालं नाही. अकरा. बारा. साकवाला पुरतील एवढ्या तर झाल्या! तेरा. फळी किंचित वाकली. चौदा. सुंभ्याच्या कपाळावरचा दिवा लुकलुकायला लागला. काकांनी दारावरचा आकडा पाहिला, आत्याकडे पाहिलं आणि पंधरावी गोणी अलगद टेकवली.

कर्र... कट्!

फळी मोडली. आणि फळी मोडल्यावर त्या मांगरात पहिल्यांदाच सगळे ओरडले ते आनंदाने!

"पण चौदाच का?" काका गोण्यांच्या ढिगात उभे राहून विचारत होते. "डोकं तर धुतलंत ना?"

शमूला एकदम काहीतरी सुचलं. रोज आंघोळीनंतर आई तिला जे विचारते, ते! ती सुंभ्यापाशी गेली. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ऐकण्यासाठी जाळीच्या वाट्या होत्या. तिने एका वाटीच्या मागे बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाचं टोक चकाकत होतं.

"कानामागे राहिलं!"

काका आधी तिच्या बोटाकडे बघत राहिले, मग दारावरच्या आकड्याकडे. "म्हणजे तुमचं गणित," ते सावकाश म्हणाले, "कानामागचा मळसुद्धा ओळखतं?" त्यांनी पिशवी उचलली, उघडली, आत पाहिलं आणि परत बंद केली. "याच्या स्मृतीला हात लावायचं काम नाही. उलट मलाच जरा यातलं शिकवा. आणि मावशी, तो चहा..."

"बिनसाखरेचा," सुंभ्या म्हणाला.

"मावशींचा बिनसाखरेचा," शमूने सांगितलं. "काकांना विचारून घे!"

पुढच्या पावसाआधी साकव उभा राहिला. वाडीतली मुलं आता ओहोळावरून शाळेत जातात, फळ्यांवर उड्या मारत, कितीही सांगितलं तरी. फळ्यांच्या आत लाखो धागे आहेत आणि प्रत्येक धाग्याभोवती एक ओली पुळण आहे. ती कुणाला दिसत नाही. पण सगळ्यांचं ओझं तिच्यातूनच जातं.

आत्या मात्र तिथे थांबलेली नाही. परवा ती शमूला म्हणाली, "पट्टा प्रत्येक ठिकाणी घट्टच हवा असं थोडंच आहे? फार घट्ट असला तर एक चीर पडली की ती धाग्यांतून थेट आरपार जाते. मधेमधे जरासा सैल ठेवला तर चीर तिथे अडखळेल, वळेल, दमेल. कुठे घट्ट, कुठे सैल, हे आपण आधी गणितात ठरवायचं आणि मग तसा पट्टा घडवायचा. मग पूलच काय, होड्या होतील, पवनचक्कीची पाती होतील. कुंपणावरच्या घायपाताची!"

"आणि सैल करायला काय लावणार?" शमूने विचारलं.

आत्याने हसून सुंभ्याच्या टाळूवर टिचकी मारली.

सुंभ्या अजूनही प्रत्येक बटेआधी डोक्यावरून हात फिरवतो. कुणी त्याला थांबवत नाही. मावशींकडून आलेली ती सवय आहे. फक्त रोज सकाळी कामाला बसण्याआधी शमू त्याचे कान पुढे ओढते आणि मागे नीट बघते. पुढच्या दिवाळीला त्याला तेल लावायचं, हे तर ठरलेलंच आहे.

पायांना.